बाबेल व निनवे येथील लोक आपल्या देवांस प्रार्थना कशी करीत

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस ऊर, बाबेल व निनवे हीं नांवें नवीं नाहींत. अब्राहामाच्या वृत्तांतांत ऊर येतें, योनाच्या पुस्तकांत निनवे येतें, आणि दानीएलाचें तर बहुतेक आयुष्य बाबेलांत गेलें. तीं शहरें आजच्या इराक देशांत, फरात व हिद्देकेल ह्या नद्यांच्या कांठीं वसलेलीं होतीं. तेथील लोक मूर्तिपूजक होते एवढें सांगून आपण बहुधा पुढें जातों. परंतु ते आपल्या देवांपुढें उभे राहिले म्हणजे काय बोलत, मनांत कोणती भीति व कोणती आशा धरून बोलत, हें विचारावयाचें आपणांस सहसा सुचत नाहीं. तेंच आज थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. यशया व यहेज्केल हे ग्रंथ शिकवितांना उपदेशक बंधूंस त्याचा उपयोग होईल.

हें सर्व कळलें कसें, असें कोणी विचारील. त्या देशांत दगड थोडा, माती विपुल. म्हणून ते लोक ओल्या मातीची लहानशी पाटी थापून तिच्यावर बोरूच्या टोंकानें खिळ्यासारख्या खुणा उमटवीत व ती वाळवून ठेवीत. कागद आगींत जळतो; माती भाजली म्हणजे अधिकच पक्की होते. इ. स. पूर्वीं ६१२ ह्या वर्षीं शत्रूंनीं निनवे घेऊन जाळिलें, तेव्हां अशूरबनिपाल राजाचा मोठा ग्रंथसंग्रह ढिगाऱ्याखालीं गडप झाला. इ. स. १८५० च्या सुमारास लेयार्ड नांवाच्या इंग्रज गृहस्थांनीं, व १८५३ सालीं मोसल शहरींच जन्मलेल्या होर्मुझ्द रस्साम ह्यांनीं त्या पाट्या उकरून काढिल्या. लहानमोठे मिळून सुमारें ३०,००० तुकडे आज लंडन येथील ब्रिटिश म्यूझियमांत आहेत. ही लिपि वाचणाऱ्यांत हेन्री रॉलिन्सन हे प्रमुख होत; ते १८२७ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईकडील लष्करांत नोकरीस आले होते. १८५७ सालीं लंडनांतील रॉयल एशियाटिक सोसायटीनें एकच लेख चार विद्वानांकडून निरनिराळा वाचवून घेतला, आणि मोहोरबंद लिफाफे उघडून पाहतां चौघांचे अर्थ मुख्य मुख्य गोष्टींत जुळले. तेव्हां पुढें जें सांगावयाचें आहे तें कोणाच्या कल्पनेनें रचलेलें नव्हे. त्या लोकांनीं आपल्याच हातानें लिहून ठेविलेलें आहे.

प्रार्थनेच्या एका मोठ्या वर्गास त्यांच्या भाषेंत ‘हात वर करणें’ असेंच नांव होतें. उपासक उभा राहून किंवा गुडघा टेकून आपला उजवा हात तोंडासमोर उचली. लार्सा येथील म्हणून प्रसिद्ध असलेली एक लहानशी कांशाची मूर्ति पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. तींत असाच एक मनुष्य गुडघा टेकून बसलेला आहे. त्याचें तोंड व हात सोन्याच्या पत्र्यानें मढविले आहेत. हम्मुराबी राजास दीर्घायुष्य लाभावें म्हणून एका भक्तानें ती वाहिली होती. परंतु ह्याहूनही फार जुने पुतळे बगदादच्या ईशान्येस तेल अस्मर ह्या ठिकाणीं १९३३-३४ च्या हंगामांत सांपडले. देवळाच्या जमिनीखालीं एका खड्ड्यांत बारा पुतळे नीट रचून पुरून ठेविलेले होते. त्यांस आज साडेचार हजार वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्यांत पुरुष आहेत, स्त्रियाही आहेत. हात छातीशीं जोडलेले, आणि डोळे इतके मोठे व उघडे कीं पाहणारा क्षणभर दचकतो. हे पुतळे बहुतेक देवांचे नसून भक्तांचे आहेत असें विद्वानांचें मत आहे. मनुष्यास शेतावर जावें लागतें, जेवावें लागतें, झोंपावें लागतें. त्याचा दगडी पुतळा मात्र रात्रंदिवस डोळे उघडे ठेवून देवासमोर उभा राही. लगाश येथील गुदेआ नांवाच्या अधिपतीनें इ. स. पूर्वीं २१०० च्या सुमारास आपल्या पुतळ्यास देवाकडे निरोप सांगण्याची आज्ञा केली, व त्याच्यापुढें रोज भाकरी, पीठ आणि जवाची दारू ठेवण्याचीही नेमणूक करून दिली. हें वाचून कित्येकांस हसूं येईल. आम्हांस तें येत नाहीं. आपलें लक्ष देवाकडे सदोदित राहत नाहीं, आपण विसरतों, आपला डोळा लागतो, हें ज्यास ठाऊक होतें त्यानेंच असा पुतळा करविला असला पाहिजे.

प्रार्थनेच्या शब्दांचा क्रम बहुधा ठरलेला असे. आधीं देवाचें नांव व त्याच्या पदव्या, मग त्याची स्तुति, मग आपलें दुःख, मग मागणें, आणि शेवटीं मागणें मान्य झाल्यास सर्वांसमक्ष तुझी कीर्ति गाईन असें वचन. स्तुति लांबलचक असून मागणें तिच्या मानानें पुष्कळदां थोडेंच असे. राजदरबारीं अर्ज करणारा आधीं धन्याचा गौरव करितो, तशीच ही रीति होती. कित्येक पाट्यांवर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. उपासकानें स्वतःचें नांव सांगावयाचें जें स्थळ, तेथें ‘अमुक, अमुकाचा पुत्र’ एवढेंच लिहिलेलें असतें. म्हणजे प्रार्थना तयार असे. ज्याच्यावर संकट येई तो आपलें व आपल्या बापाचें नांव तींत घाली. खालीं विधि दिलेला असतो: रात्रीं घराच्या धाब्यावर जागा झाडावी, शुद्ध पाणी शिंपावें, धूप जाळावा, दारू ओतावी, आणि हे शब्द तीन वेळां म्हणावे. एखादा शब्द चुकला तर फळ मिळत नाहीं अशी समजूत होती, म्हणून हें काम बहुधा जाणत्या पुरोहिताच्या सांगण्याप्रमाणें चाले. तो म्हणे, आणि रोगी त्याच्या मागून म्हणे.

मोठ्या देवांपर्यंत सामान्य मनुष्याची धांव नसे. त्यांच्या देवळांच्या आंतल्या दालनांत पुरोहितांवांचून कोणास जातां येत नसे. उरूक नगरांत देवांस दिवसांतून चार वेळां, सकाळीं दोनदां व सायंकाळीं दोनदां, जेवण वाढीत. त्यासाठीं दळणाऱ्यानें दळतांना, भाजणाऱ्यानें भाकरी भाजतांना आणि खाटकानें मेंढरूं कापतांना कोणते शब्द उच्चारावे तेंही ठरवून दिलेलें होतें. एवढा थाट आंत चाले, आणि गरीब मनुष्य बाहेर राही. उत्सवाच्या दिवशीं मूर्ति रस्त्यानें मिरवीत नेत, तेव्हांच त्याला तिचें दर्शन घडे.

मग तो कोणाकडे जाई? प्रत्येक मनुष्यास त्याचा स्वतःचा असा एक लहान देव असतो, तो त्याला बापाच्या ठिकाणीं असतो, अशी त्या लोकांची समजूत होती. हा देव त्याच्यातर्फें मोठ्या देवांकडे रदबदली करी. दंडगोलासारख्या लहान दगडांवर कोरलेले त्यांचे शिक्के हजारोंनीं सांपडले आहेत, व त्यांतील पुष्कळांवर एकच चित्र आहे: मोठा देव आसनावर बसला आहे, आणि एक लहान देवता भक्ताचा हात धरून त्यास पुढें नेत आहे. आमच्या खेड्यांतला मनुष्य मामलेदारापुढें एकटा जाण्यास भितो व ओळखीच्या कोणास तरी सोबत घेतो, तोच प्रकार.

ह्याविषयीं एक पत्रही सांपडलें आहे, आणि ह्या सर्व विषयांत आम्हांस तें फार मोलाचें वाटतें. तें साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वींचें असून, अपिल-अदाद नांवाच्या मनुष्यानें तें आपल्या देवास लिहिलें आहे. माणूस माणसास लिहितो त्याच पद्धतीनें तें लिहिलेलें आहे. देवास तो बाप म्हणतो, व त्यानें आपली उपेक्षा कां केली असें सरळ विचारतो. माझ्याजागीं तुला दुसरा भक्त कोण देणार, असेंही तो ऐकवितो. मग त्याचें मागणें येतें: मार्दूक देवाची तुझ्यावर मर्जी आहे, तर त्याला माझ्यासाठीं एक पत्र लिही, म्हणजे मी ह्या बंधनांतून सुटेन. माझी नाहीं तर घरांतल्या लहानथोरांची तरी दया कर, असें म्हणून तो थांबतो. तें बंधन कर्जाचें, आजाराचें कीं आणखी कशाचें, हें तो सांगत नाहीं. देवानेंही दुसऱ्या देवास चिठ्ठी लिहावी लागते, ही समजूत विचित्र खरी. पण ज्या मोकळेपणानें तो बोलतो, तो राजांच्या लांब स्तोत्रांत क्वचितच आढळतो.

देवाची इच्छा जाणण्यासाठींही ते प्रार्थना करीत. यहेज्केलाच्या एकविसाव्या अध्यायांत बाबेलचा राजा दोन रस्त्यांच्या फाट्यावर थांबून काळीज पाहतो असें लिहिलें आहे. तो प्रकार ह्या पाट्यांवरून चांगला उलगडतो. शकुन पाहणारा पुरोहित रात्रीं तारकांची प्रार्थना करी. नगराच्या वेशी लागल्या आहेत, मोठे देव निजावयास गेले आहेत, तर तुम्ही जागे असणारांनीं ह्या कोंकरांत खरें उत्तर घाला, असा तिचा भावार्थ आहे. मग मेंढरूं कापून त्याच्या काळजावरील रेघा व खळगे तपासीत. शिकाऊ पुरोहितांसाठीं केलेले काळजाचे मातीचे नमुनेसुद्धां मिळाले आहेत. एसर-हद्दोन राजानें (इ. स. पूर्वीं ६८१ ते ६६९) शमश नामक सूर्यदेवास विचारलेले पुष्कळ प्रश्न शिल्लक आहेत. अमुक नगर शत्रूच्या हातीं पडेल काय? अमुक मनुष्यास अधिकार दिला तर तो इमानी राहील काय? स्कुथी राजास आपली मुलगी द्यावी काय, हेंही तो विचारतो. आणि प्रत्येक प्रश्नाबरोबर अपराधांची क्षमा मागण्याची एक मोठी यादी जोडलेली असते: मेंढरूं सदोष असल्यास, पुरोहिताचीं वस्त्रें मळकीं असल्यास, त्यानें कांहीं अशुद्ध खाल्लें असल्यास, त्याची जीभ अडखळली असल्यास, हे देवा, तिकडे दुर्लक्ष कर. ज्याच्या नांवानें चारी दिशांचे लोक कांपत, तो राजा मेंढराच्या काळजापुढें असा भीत भीत उभा राही.

आतां आम्ही त्या प्रार्थनांकडे येतों, ज्या वाचून आमचें मन सर्वांत अधिक हललें. मनुष्य आजारी पडला, त्याचें पोर मेलें, गुरें दगावलीं, म्हणजे कोणता तरी देव रागावला आहे असें तो समजे. पण कोणता? आणि कशामुळें? अशूरबनिपालाच्या संग्रहांत एक प्रार्थना आहे, तींत उपासक कोणत्याही देवाचें नांव घेत नाहीं, कारण तें त्यास माहीत नाहीं. जो कोणी रागावला असेल, तो आपल्या ओळखीचा असो वा नसो, देव असो वा देवी असो, त्याच्या अंतःकरणानें शांत व्हावें, अशी तो विनंति करितो. आपण कोणतें पाप केलें, कोणती निषिद्ध वस्तु खाल्ली, कोठें पाऊल टाकिलें, हेंही त्यास ठाऊक नाहीं. माणसें मुकीं आहेत, त्यांस कांहींच कळत नाहीं, असें तो म्हणतो. मी हांक मारितों तर कोणी हात धरीत नाहीं, रडतों तर कोणी जवळ येत नाहीं, असें त्याचें गाऱ्हाणें आहे. शेवटीं तो देवाजवळ जन्मदात्या आईबापांचें हृदय मागतो. अथेनै येथें अज्ञात देवास वाहिलेली वेदी पौलानें पाहिली, ती कथा प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायांत आहेच. ती वेदी व ही प्रार्थना ह्या निरनिराळ्या देशांच्या व निरनिराळ्या काळांच्या. परंतु ओळख नसलेल्यास हांक मारण्याची पाळी दोन्हींकडे आली होती.

अशा विलापांस ‘हृदय शांत करणारी आरोळी’ असें नांव होतें, व ते कलू नामक पुरोहित गात. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हे विलाप सुमेरी भाषेच्या एका बोलींत आहेत. आणि सुमेरी भाषा तर इ. स. पूर्वीं २००० च्या पुढेंमागें लोकांच्या बोलण्यांतून नाहींशी होत गेली होती. घरीं अक्कदी, व पुढें अरामी बोलणारा शेतकरी देवळांत आला म्हणजे त्याचें दुःख त्याला न समजणाऱ्या भाषेंत देवापुढें मांडण्यांत येई. लेखकांनीं पुष्कळ पाट्यांवर ओळीखालीं ओळ अक्कदी अर्थ लिहून ठेविला आहे, पण तो वाचणाराचा उपयोग, ऐकणाराचा नव्हे. ज्यांनीं आपल्या मातृभाषेंत शास्त्र वाचिलें आहे त्यांस ह्यांतील उणीव सांगावी लागणार नाहीं.

पाप कोणतें हें कळत नसे, म्हणून घडण्याजोग्या सर्व पापांची यादी वाचण्याचा एक विधि होता. त्याचें नांव शुर्पू, म्हणजे ‘जाळणें’. रोग्याजवळ पुरोहित एकामागून एक विचारी: ह्यानें बापाचें व मुलाचें वैर लाविलें काय? खोट्या वजनानें मापून दिलें काय? शेताची हद्द सरकविली काय? शेजाऱ्याच्या घरांत शिरला काय, त्याच्या बायकोजवळ गेला काय? तोंडानें होय व मनांत नाहीं असें बोलला काय? त्याच यादींत, त्याच स्वरानें, निषिद्ध पदार्थ खाल्ल्याचे व शापित मनुष्याच्या आसनावर बसल्याचे दोषही येतात. लहानमोठा असा भेद त्यांत नाहीं. मग कांदा पाकळी पाकळी करून सोलीत, खजूर घडावरून तोडीत, चटई उसवीत, आणि सर्व आगींत टाकीत. हा कांदा पुन्हां जुळणार नाहीं, तसें ह्याचें पाप पुन्हां ह्यास न चिकटो, असा त्याचा अर्थ. बांध सरकविणें व खोटें माप हीं पापें आहेत हें त्या लोकांस मोशेच्या शास्त्रावांचूनही कळत होतें, ही गोष्ट शिकविणाऱ्यानें दडवून ठेवूं नये.

राजालाही एक दिवस वांकावें लागे. बाबेलांत वर्षारंभाच्या उत्सवांत, निसान महिन्याच्या पांचव्या दिवशीं, राजा मार्दूकाच्या एसागिला नामक देवळांत येई. मुख्य पुरोहित त्याचा राजदंड व मुकुट काढून घेई, त्याच्या गालांत मारी, कान ओढून त्यास गुडघ्यांवर बसवी. मग राजा आपण कोणतीं पापें केलीं नाहींत तें सांगे: मीं बाबेलचा नाश केला नाहीं, तुझ्या देवळाकडे दुर्लक्ष केलें नाहीं. पुरोहित त्यास धीर देई, राजचिन्हें परत देई, आणि पुन्हां एकदां गालांत मारी. डोळ्यांतून पाणी आलें तर देव प्रसन्न, न आलें तर अरिष्ट. आजाऱ्यास करावी लागे ती पापांची यादी, आणि राजास पाठ येई ती निरपराधपणाची! हा फरक आम्हांस जरा टोंचला.

सर्वांचींच मागणीं मान्य होत असें त्यांचें स्वतःचेंही म्हणणें नव्हतें. अक्कदचा राजा सार्गोन ह्याची कन्या एन्हेदुआन्ना इ. स. पूर्वीं २३०० च्या सुमारास ऊर येथें चंद्रदेवाची मुख्य पुजारीण होती. वूली साहेबांनीं त्या ठिकाणीं केलेल्या खोदकामांत तिचें नांव व चित्र कोरलेली दगडी तबकडी मिळाली आहे. तिच्या नांवावर चालत आलेल्या काव्यांत, बंडखोरांनीं आपणांस देवळांतून घालवून दिलें असतां आपल्याच चंद्रदेवानें न्याय केला नाहीं, म्हणून आपण इनान्ना देवीकडे वळलों, असें ती सांगते. एक देव गप्प राहिला तर दुसऱ्याचें दार ठोठावावें, ही सोय त्या धर्मांत होती. पण आतां कोणतें दार उरलें, ही काळजीही तींतच होती. दुसऱ्या एका काव्यांत, ईयोबासारखाच सर्वस्व गमावलेला एक मोठा मनुष्य म्हणतो कीं मी प्रार्थना केली, अर्पणें केलीं, आणि तरी मला अधर्म्यांसारखें फळ मिळालें. मनुष्यास जें चांगलें वाटतें तेंच कदाचित् देवास वाईट वाटत असेल. त्याला मार्दूकानें शेवटीं बरें केलें. परंतु त्याची ती शंका त्या काव्यांत अनुत्तरितच राहते.

देवळें पडलीं, मूर्ति नाहींशा झाल्या. पण त्या लोकांच्या कांहीं प्रार्थना आपल्या शास्त्रांतच राहिल्या आहेत, आणि आपण त्या न ओळखतां वाचतों. त्या म्हणजे त्यांचीं नांवें. नबुखद्नेस्सर ह्याचा अर्थ ‘हे नबो, माझ्या वारसाचें रक्षण कर’. बेलशस्सर म्हणजे ‘हे बेल, राजाचें रक्षण कर’. मरोदख-बलदान म्हणजे ‘मार्दूकानें वारस दिला’. सन्हेरीब, ज्यानें यरुशलेमेस वेढा घातला, त्याच्या नांवाचा अर्थ आहे ‘चंद्रदेवानें भावांच्या जागीं दुसरा दिला’. म्हणजे त्याच्या आधीं जन्मलेलीं मुलें त्या घरांतून गेलीं होतीं. साध्या लोकांच्या हिशेबांच्या व करारांच्या पाट्यांवर अशीं आणखी कितीतरी नांवें आढळतात. एकाचें नांव ‘हे माझ्या देवा, मी थकलों आहें’ असें आहे. दुसऱ्या एका बाळाचें नांव आईबापांनीं ‘हे माझ्या देवा, कोठवर?’ असें ठेविलें होतें, आणि शेजारीपाजारी त्यास जन्मभर त्याच नांवानें हांक मारीत.